अडीचशे विद्यार्थ्यांच्या वर्गात विचारलेला प्रश्न

महाराष्ट्रातील मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांत एमबीबीएसच्या एका तुकडीत दोनशे ते अडीचशे विद्यार्थी असतात, आणि शरीरक्रियाशास्त्र, औषधशास्त्र किंवा विकृतिशास्त्र यांसारख्या विषयांची व्याख्याने त्या सर्वांना एकाच सभागृहात, मागे चढत जाणाऱ्या बाकांवर बसवून दिली जातात. २०२४ मध्ये गडचिरोली, हिंगोली, वाशीम, बुलढाणा अशा जिल्ह्यांत जी शासकीय महाविद्यालये सुरू झाली, त्यांची सुरुवात शंभर जागांनी झाली असली, तरी एका शिक्षकासमोर बसलेले शंभर जण हाही मोठाच वर्ग होय. देशातील एमबीबीएसच्या जागा २०१४ पूर्वी सुमारे ५१ हजार होत्या, त्या पुढच्या दहा वर्षांत एक लाखाच्या पलीकडे गेल्या. डॉक्टरांची गरज लक्षात घेता या वाढीला विरोध करण्याचे कारण नाही. मात्र जागा एका आदेशाने वाढतात आणि चांगला शिक्षक तयार होण्यास अनेक वर्षे लागतात, त्यामुळे मोठा वर्ग ही आता तात्पुरती अडचण राहिलेली नसून वैद्यकीय शिक्षणाची कायमची परिस्थिती बनली आहे. या परिस्थितीत व्याख्यान टाकून देता येत नाही आणि जसेच्या तसे ठेवूनही भागत नाही, म्हणून ज्या पद्धतीकडे शिक्षणतज्ज्ञ वळले, तिला संवादी व्याख्यान म्हणतात.

संवादी व्याख्यान म्हणजे शिक्षकाने अधूनमधून ‘समजले का?’ असे विचारणे नव्हे. या प्रश्नाला भरलेल्या वर्गातून येणारा सामुदायिक होकार कोणाला काय समजले याविषयी काहीच सांगत नाही. ज्या व्याख्यानात शिक्षकाचे विवेचन आधी ठरवलेल्या ठिकाणी थांबते आणि त्या थांब्यावर वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवल्या जाणाऱ्या विषयाशी स्वतः काहीतरी करावे लागते, म्हणजे उत्तर निवडावे लागते, कारण लिहावे लागते, शेजाऱ्याशी वाद घालावा लागतो किंवा एखाद्या रुग्णाविषयी निर्णय घ्यावा लागतो, ते संवादी व्याख्यान होय. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या इव्होन स्टाइनर्ट आणि लिंडा स्नेल यांनी १९९९ मध्ये वैद्यकीय शिक्षकांसाठी या पद्धतीची मांडणी केली, तेव्हा त्यांनी शिक्षक, विद्यार्थी आणि विषय या तिघांमधील देवघेव वाढणे हे तिचे लक्षण मानले होते. विद्यार्थी शिक्षकाशी बोलले नाहीत तरी विषयाशी आणि एकमेकांशी भिडत असतील, तर व्याख्यान संवादी ठरते. मोठ्या वर्गाच्या दृष्टीने ही गोष्ट फार महत्त्वाची आहे, कारण अडीचशे जणांना तासाभरात एकेकदा बोलू देणेही शक्य नसते.

केवळ ऐकून वैद्यक शिकता येत नाही, ही जाणीव जुनी आहे. अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका आणि कॅनडातील १५५ वैद्यकीय शाळा पाहून १९१० मध्ये जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात प्रयोगशाळा आणि रुग्णालय यांच्यापासून तुटलेल्या, व्याख्यानांवरच चालणाऱ्या शिक्षणावर त्यांनी कठोर टीका केली होती. तरीही व्याख्यान टिकले, कारण एका शिक्षकाच्या एका तासात शेकडो विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचण्याचा त्याहून स्वस्त मार्ग सापडला नाही. भारतात २०१९ च्या तुकडीपासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला, म्हणजे विद्यार्थ्याला काय माहीत आहे यापेक्षा त्याला काय करता येते यावर भर देणारा अभ्यासक्रम आला, आणि त्याच्या नियमांत एकतर्फी व्याख्यानांना शिकवण्याच्या एकूण वेळापैकी एक तृतीयांशाहून अधिक जागा देऊ नये, उरलेला वेळ संवादी सत्रे, प्रात्यक्षिके, रुग्णांजवळचे शिक्षण आणि गटचर्चा यांना द्यावा, असे म्हटले गेले. नियम स्पष्ट आहे, पण तो पाळण्यासाठी लागणाऱ्या लहान गटांच्या खोल्या आणि त्या गटांसोबत बसणारे शिक्षक बहुतेक ठिकाणी पुरेसे नाहीत. परिणामी वेळापत्रकात ज्या तासासमोर ‘संवादी सत्र’ असे लिहिलेले असते, तो तास अनेकदा त्याच सभागृहात, त्याच अडीचशे जणांसमोर घ्यावा लागतो.

व्याख्यानात वाईट काय आहे, याविषयी एक समजूत फार पसरलेली आहे, ती म्हणजे विद्यार्थ्यांचे लक्ष दहा-पंधरा मिनिटांनंतर आपोआप ओसरते. या विषयावरील संशोधनाची पुन्हा तपासणी करणाऱ्यांना या आकड्याला भक्कम आधार आढळलेला नाही. लक्ष विषयानुसार, शिक्षकानुसार आणि दिवसाच्या वेळेनुसार पुष्कळ बदलते. व्याख्यानाचा खरा दोष वेगळा आहे. डोनाल्ड ब्लाय या ब्रिटिश अभ्यासकाने १९७० च्या दशकाच्या आरंभी उपलब्ध प्रयोगांचा आढावा घेऊन दाखवले, की माहिती पोहोचवण्यात व्याख्यान इतर पद्धतींच्या मागे पडत नाही, पण विचार करायला लावण्यात आणि दृष्टिकोन घडवण्यात ते चर्चेपेक्षा कमी पडते. उत्तम वक्ता असलेल्या शिक्षकाच्या बाबतीत हा धोका अधिक असतो, कारण त्याचे विवेचन इतके सुरळीत असते की ऐकणाऱ्याला सर्व समजल्याचा भास होतो, आणि तो भास खरा की खोटा हे पुढे परीक्षेत किंवा अपघात विभागात कळते.

हा भास हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी आपल्याच वर्गात मोजून पाहिला. १९९० च्या सुमारास त्यांना असे आढळले, की त्यांचे विद्यार्थी पाठ्यपुस्तकातील अवघड गणिते सोडवत होते, पण न्यूटनच्या नियमांवरील साध्या, सूत्राविना विचारलेल्या प्रश्नांना चुकीची उत्तरे देत होते. त्यानंतर त्यांनी परस्परशिक्षण नावाची पद्धत विकसित केली आणि १९९७ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. तिचा क्रम सोपा आहे. शिक्षक थोडा वेळ शिकवतो, मग संकल्पनेवर पर्याय असलेला एक प्रश्न पडद्यावर दाखवतो. विद्यार्थी कोणाशीही न बोलता विचार करून आपले मत नोंदवतात. शिक्षक मतांची विभागणी पाहतो. उत्तरे वाटली गेली असतील तर प्रत्येकाने वेगळे उत्तर दिलेल्या शेजाऱ्याला आपले कारण पटवून द्यायचे असते. दोन-तीन मिनिटांनी पुन्हा मत घेतले जाते आणि मगच शिक्षक उलगडा करतो. पहिल्या फेरीत साधारण तीस ते सत्तर टक्के उत्तरे बरोबर असतील तेव्हा चर्चेचा उपयोग सर्वाधिक होतो. त्याहून कमी असतील तर मुद्दा पुन्हा शिकवावा लागतो आणि त्याहून जास्त असतील तर थोडक्यात खुलासा करून पुढे जाता येते.

वैद्यकाच्या वर्गात या पद्धतीचे सामर्थ्य कळण्यासाठी महाराष्ट्राच्याच मातीतील एक विषय घेता येतो. कोकणात आढळणाऱ्या तांबड्या विंचवाचा दंश एकेकाळी मुलांच्या मृत्यूचे मोठे कारण होता. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ पासून काम करताना डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांच्या बारकाईने नोंदी ठेवल्या, १९८२ मध्ये त्यांचे निरीक्षण ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि पुढे पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग जगापुढे मांडला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. दुसऱ्या वर्षाच्या औषधशास्त्रात स्वायत्त चेतासंस्थेवरील औषधे शिकवताना हाच विषय पुढे ठेवता येतो: महाड तालुक्यातील दहा वर्षांच्या मुलाला रात्री तांबडा विंचू चावला आहे, तासाभराने त्याला दरदरून घाम सुटला आहे, उलट्या होत आहेत, हातपाय गार पडले आहेत, नाडी जलद आहे आणि रक्तदाब बराच वाढलेला आहे, पुढीलपैकी कोणते औषध द्यावे? ॲड्रेनॅलिन, ॲट्रोपिन, प्रोप्रॅनोलॉल की प्राझोसिन?

हे चार पर्याय सहज सुचलेले नाहीत; प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे विद्यार्थ्याची एक विचारसरणी उभी आहे. ॲड्रेनॅलिन निवडणारा विद्यार्थी विंचवाच्या दंशाला मधमाशीच्या दंशानंतर येणाऱ्या तीव्र ॲलर्जीसारखे समजतो. ॲट्रोपिन निवडणाऱ्याला घाम आणि उलट्या पाहून कीटकनाशकाची विषबाधा आठवते, कारण ग्रामीण भागातील त्या विषबाधेवर ॲट्रोपिन हा प्रमुख उपचार आहे. प्रोप्रॅनोलॉल निवडणारा सर्वांत अधिक अभ्यास केलेला असतो: जलद नाडी आणि वाढलेला रक्तदाब यांवर हृदयाची गती कमी करणारे औषध द्यावे, हे त्याने नुकतेच वाचलेले असते. विंचवाच्या विषामुळे अनुकंपी चेतासंस्था, म्हणजे शरीराला संकटासाठी सज्ज करणारी यंत्रणा, बेफाम होते आणि तिच्यातून सुटलेली रसायने रक्तवाहिन्यांवरील अल्फा ग्राहींवर, म्हणजे त्या रसायनांना प्रतिसाद देणाऱ्या जागांवर, मारा करून वाहिन्या आवळतात. गार पडलेले हातपाय ही त्याचीच खूण असते. प्रोप्रॅनोलॉलने बीटा ग्राही बंद केले तर स्नायूंतील वाहिन्या रुंदावणारा मार्ग बंद होतो, अल्फा ग्राहींचा आवळ तसाच राहतो, आणि आधीच भार पडलेले हृदय आणखी दुबळे होऊन फुप्फुसांत पाणी भरण्याचा धोका वाढतो. प्राझोसिन नेमके अल्फा ग्राही अडवते.

हाच मजकूर शिक्षक पाच मिनिटांत सांगू शकला असता आणि विद्यार्थ्यांनी तो उतरवून घेतला असता. पण ज्याने आधी प्रोप्रॅनोलॉलच्या बाजूने मत दिले, शेजारणीला ते पटवण्याचा प्रयत्न केला आणि ‘मग हात गार का?’ या तिच्या प्रश्नावर अडखळला, त्याच्यासाठी अल्फा आणि बीटा यांतील फरक ही पाठ करण्याची यादी उरत नाही. त्याच्या विचारातील तुटलेला दुवा त्याला स्वतःला दिसलेला असतो. शिक्षकालाही एक मोलाची गोष्ट कळते: वर्गातील निम्म्या विद्यार्थ्यांना ॲट्रोपिन योग्य वाटत असेल, तर विषबाधांचा भाग पुन्हा जोडून शिकवण्याची गरज आहे. हे ज्ञान एकतर्फी व्याख्यानातून कधीच मिळत नाही. म्हणून संवादी व्याख्यानातील सर्वांत अवघड काम वर्गात होत नसून वर्गाबाहेर, प्रश्न रचताना होते. ज्याचे उत्तर पुस्तकातील एका ओळीत सापडते तो प्रश्न चर्चेला निरुपयोगी असतो, आणि ज्यात शब्दांची चलाखी असते तो विद्यार्थ्याचा विश्वास घालवतो. नीट परीक्षेच्या तयारीत हजारो बहुपर्यायी प्रश्न सोडवून आलेल्या मुलांना पर्यायांची सवय असते, पण ती सवय वेगाने योग्य उत्तर हेरण्याची असते; येथे कारण सांगण्याची सवय लावायची असते, आणि हा बदल पहिल्या काही आठवड्यांत जाणीवपूर्वक घडवावा लागतो.

शेजाऱ्याशी बोलून उत्तर सुधारते, ते केवळ हुशार विद्यार्थ्याची नक्कल केल्यामुळे, अशी शंका अनेक शिक्षक घेतात आणि ती रास्त आहे. तिची तपासणी अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठातील अनुवंशशास्त्राच्या मोठ्या वर्गात झाली आणि २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चर्चेनंतर विद्यार्थ्यांना त्याच संकल्पनेवरील दुसरा, वेगळा प्रश्न एकट्याने सोडवायला दिला गेला, तेव्हाही उत्तरे सुधारलेली आढळली. गटातील कोणालाही मूळ प्रश्नाचे उत्तर आधी येत नव्हते, अशा ठिकाणीही काही जण चर्चेतून योग्य समजुतीपर्यंत पोहोचल्याचे दिसले.

महाराष्ट्रातील वर्गांना या पद्धतीचा एक लाभ विशेष मिळतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि मराठी माध्यमातून शिकून आलेले अनेक विद्यार्थी पहिल्या वर्षी इंग्रजीतून बोलावे लागेल या भीतीने हात वर करत नाहीत, आणि शिक्षकाने प्रश्न विचारला की त्याच चार-पाच मुलांचे आवाज येत राहतात. मत नोंदवण्यासाठी इंग्रजी वाक्य जुळवावे लागत नाही. शेजाऱ्याशी होणारी चर्चा मराठीत, हिंदीत किंवा दोन्हींच्या मिश्रणात होते आणि ती तशीच व्हावी, कारण त्या तीन मिनिटांत भाषा सुधारणे हा हेतू नसतो. मागच्या बाकांवर बसलेल्या, रोल नंबर पुकारला जाऊ नये म्हणून मान खाली घालणाऱ्या विद्यार्थ्यालाही कोणाला न दिसता चुकण्याचा अधिकार मिळतो. चूक जाहीर होत नसेल तर माणूस खरे उत्तर देतो, आणि खरे उत्तर मिळाल्याशिवाय शिक्षकाला शिकवता येत नाही. ज्या वर्गात चुकीच्या उत्तरावर एकदा जरी हशा झाला आणि शिक्षकाने तो चालू दिला, तेथे पुढचे अनेक तास संवाद होत नाही, हे कोणत्याही तंत्रापेक्षा अधिक लक्षात ठेवण्यासारखे आहे.

यासाठी महागडी साधने लागतातच असे नाही. परदेशांत क्लिकर नावाची हातात मावणारी यंत्रे वापरली गेली, आता मोबाइलवरून मत घेणाऱ्या सेवा उपलब्ध आहेत आणि त्यांचा आलेख पडद्यावर लगेच दिसतो. पण सभागृहात नेटवर्क मिळत नसेल तर चार रंगांची पुठ्ठ्याची कार्डे तेवढेच काम करतात. अट इतकीच, की सर्वांनी ती एकाच क्षणी आणि छातीजवळ धरून वर करावीत, म्हणजे शेजाऱ्याचे पाहून उत्तर बदलता येत नाही. प्रश्नानंतर शिक्षकाने पाळलेली शांतता मात्र कोणतेही साधन देऊ शकत नाही. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात अमेरिकी शाळांतील विज्ञानाच्या तासांचे निरीक्षण करून दाखवले, की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात, आणि ही प्रतीक्षा तीन सेकंदांपर्यंत नेली तर उत्तरे लांब, अधिक विचारपूर्वक आणि अधिक मुलांकडून येऊ लागतात. वैद्यकीय प्रश्नाला तीन सेकंदही अपुरे असतात.

परस्परशिक्षणाहून साधे उपायही आहेत. व्याख्यानात दोन-तीन वेळा दोन मिनिटे थांबून विद्यार्थ्यांनी एकमेकांच्या टिपणांशी आपली टिपणे ताडून पाहिली, तरी आठवण सुधारते, असे १९८० च्या दशकातील प्रयोगांत आढळले. तासाच्या अखेरीस ‘आज कोणता मुद्दा समजला नाही’ हे चिठ्ठीवर लिहून घेतले आणि पुढचा तास त्यातील मुद्द्यांनी सुरू केला, तर विद्यार्थ्यांना ते लिहिणे व्यर्थ गेले नाही असे वाटते. याहून बरीच व्यापक अशी गटाधारित शिक्षणाची पद्धत लॅरी मायकेलसन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस ओक्लाहोमा विद्यापीठात, वर्ग एकाएकी मोठा झाल्यावर, घडवली. तिच्यात विद्यार्थी घरून वाचून येतात, आधी एकेकट्याने आणि मग कायम ठरलेल्या गटात तीच चाचणी सोडवतात, आणि एकच शिक्षक पंचवीस-तीस गटांना सांभाळू शकतो.

परिणामांविषयी बोलताना संयम हवा. स्कॉट फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित यांच्या पदवी वर्गांवरील २२५ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा पारंपरिक व्याख्यानांच्या वर्गांत नापासांचे सरासरी प्रमाण ३३.८ टक्के आणि सक्रिय शिक्षणाच्या वर्गांत २१.८ टक्के आढळले. हे अभ्यास वैद्यकीय वर्गांचे नव्हते. वैद्यकीय महाविद्यालयांत होणाऱ्या पुष्कळ प्रयोगांत एक-दोन तासांनंतर विद्यार्थ्यांना पद्धत आवडली का, एवढेच विचारले जाते, आणि आवड हे शिकण्याचे माप नाही. हार्वर्डमध्येच झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सक्रिय वर्गातील विद्यार्थी चाचणीत पुढे होते, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटत होते, कारण डोके चालवावे लागणे हे त्यांना न समजल्याचे लक्षण वाटले. म्हणून विद्यार्थ्यांच्या पहिल्या नाराजीने शिक्षकाने माघार घेऊ नये. हा अनुभव असा का येतो, हे वर्गालाच समजावून सांगावे.

शिक्षकांचा मुख्य आक्षेप पोर्शन पूर्ण होणार नाही हा असतो, आणि तो खरा आहे. तीन प्रश्नांना वीस मिनिटे लागतात, तेवढे विवेचन कमी होते. त्यावर एकच प्रामाणिक उत्तर आहे: जे पुस्तकात नीट लिहिलेले आहे ते वाचायला सोपवावे, आणि वर्गाचा वेळ जेथे वर्षानुवर्षे विद्यार्थी चुकतात त्या जागांना द्यावा. कोणता भाग सोडायचा हे ठरवायला विषयावर पकड लागते, त्यामुळे संवादी व्याख्यान नवख्या शिक्षकाला साध्या व्याख्यानापेक्षा कठीण जाते. आपल्याकडे मुंबईच्या सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील, वैद्यकीय शिक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्या फायमर प्रादेशिक संस्थेने आणि महाविद्यालयांतील वैद्यकीय शिक्षण विभागांच्या कार्यशाळांनी अनेक शिक्षकांना हे कौशल्य दिले आहे. मात्र कार्यशाळेतून परतलेल्या शिक्षकाला पुन्हा त्याच पन्नास स्लाइडच्या व्याख्यानाकडे ओढणाऱ्या दोन गोष्टी असतात, तयारीसाठी न मिळणारा वेळ आणि परीक्षा. सैद्धांतिक परीक्षेत स्मरणाचे प्रश्नच बहुसंख्य राहिले, तर कारणे शोधणाऱ्या वर्गाला विद्यार्थी वेळेचा अपव्यय मानतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

आणखी एक मर्यादा उघडपणे मान्य केली पाहिजे. विंचूदंशाच्या मुलाचे गार हात पडद्यावर वाचणे आणि ते स्वतःच्या हातात घेऊन पाहणे यांत जे अंतर आहे, ते कोणताही प्रश्न भरून काढू शकत नाही. संवादी व्याख्यान यशस्वी होते म्हणून रुग्णशय्येजवळच्या शिक्षकांच्या रिक्त जागा तशाच ठेवणे हा त्या पद्धतीचा दुरुपयोग ठरेल. सभागृहातील तासापुरते मात्र एक काम लगेच हाती घेता येईल. औषधशास्त्राचा प्रत्येक शिक्षक आज एकट्याने प्रश्न रचतो, आणि कोणता प्रश्न चर्चा घडवतो व कोणता पडतो हे त्याचे ज्ञान त्याच्या निवृत्तीबरोबर संपते. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांचा अभ्यासक्रम एकच असल्याने, विषयवार प्रश्न, पहिल्या आणि दुसऱ्या फेरीतील मतांची विभागणी आणि प्रत्येक चुकीच्या पर्यायामागील समजूत यांचा एक सामायिक संग्रह उभा करता येईल, आणि मुंबईत अडीचशे जणांच्या वर्गात पारखलेला प्रश्न गडचिरोलीच्या शंभर जणांच्या वर्गात, तेथील मलेरिया आणि सिकलसेलचे रुग्ण जोडून, पुढच्याच महिन्यात विचारता येईल.